तुती वरून कशी दिसते

६ एप्रिल

ताई,

तुझं पुठ्ठ्यावरचं पत्र काल मिळालं. पोस्टमन म्हणाला, "बाई, हे पत्र आहे की कशाचं झाकण?" म्हटलं, पत्रच आहे, माझ्या बहिणीचं. कडा बघूनच ओळखलं होतं मी. रद्दीतलं खोकं कापतानाही तू पट्टी लावतेस. पुस्तकं बांधणाऱ्या बाईचा हात लपत नाही. मजकूर चार ओळींचा, पण चार वर्षांनी आलेलं अक्षर, म्हणून जेवताना समोर उभं करून ठेवलं होतं. पुठ्ठा असल्याने उभं राहिलं, एवढा एक फायदा.

"भिंतीबाहेरची तुती अठ्ठावीस तारखेला तोडणार. खोडावर नोटीस लावली आहे, खाली तुझ्या कंपनीचं नाव. तीन घरट्यांत बगळ्यांची पिल्लं आहेत, उडायला मेचा मध्य उजाडेल. तेवढी मुदत मागून दे."

वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. मुदतीशिवाय काही मागितलेलं नाहीस. तुझं बरोबर आहे.

ताई, तू 'तुझी कंपनी' लिहितेस खरं, पण मी तिथे गाडीखालून चालणारं कुत्रं. गाडी मीच ओढते असं फार तर मला वाटावं. एका लांबलचक हॉलमध्ये आम्ही चाळीस बायका बसतो. तुमच्याकडे ज्यांना भुंगे म्हणतात, ते ड्रोन सामान पोचवताना खालचे फोटो काढत जातात. फोटोत काय आहे हे ज्या वेळी यंत्राला कळत नाही, त्या वेळी तो फोटो आमच्यापैकी कुणाच्या तरी स्क्रीनवर येतो. आम्ही बटण दाबायचं. मोकळं, तार, झाड, माणूस, जनावर, घरटं. चार सेकंद मिळतात. मग पुढचा फोटो. वाळत घातलेली चादर आणि पालथा झोपलेला माणूस वरून किती सारखे दिसतात, हे मला आता जितकं कळतं तितकं दुसरं काही कळत नाही.

खूण केली की फोटो जातो. कुठे जातो, पुढे त्याचं काय होतं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. तुतीवर खूण कुणी केली असेल, हे कळायलाही मार्ग नाही.

तरी बोलून बघते. तुझ्यासाठी तेवढं तर करीनच.

शिंपीणकाकू अजून खालीच राहतात का? नोटीस लावायला आलेल्यांना त्यांनी आनंदाने जागा करून दिली असेल. दर उन्हाळ्यात त्यांच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर जांभळे डाग, आणि बाबा म्हणायचे, "काकू, फुकटात छापील कापड मिळतंय, कुरकुर कसली करता." बाबांनी रोप भिंतीच्या आत लावलं असतं तर आज ते आपलं असतं. आत पाण्याचा पाइप होता म्हणून वीतभर बाहेर लावलं. त्या वीतभरानं ते पालिकेचं झालं.

धाकटी

१२ एप्रिल

ताई,

बोलले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी प्रयत्न केला नाही असं वाटायला नको.

आमचे सुपरवायझर वाईट नाहीत. पोटाचे विकार आहेत, सारखं गरम पाणी पितात, आवाज चढवत नाहीत. मी म्हटलं, "सर, एका झाडाला तीन आठवडे हवेत."

"कुठल्या झाडाला?"

"आमच्या घराशेजारच्या."

"फोटो क्रमांक?"

"तो कसा सांगू? फोटो येतो नि जातो."

"मग झाड कसं शोधणार बाई? आपल्याकडे झाडं नसतात, क्रमांक असतात."

हे ते हसून म्हणाले नाहीत. त्यांनी खरंच यादी उघडून बघितली. खूण बदलायची तर तोच फोटो आणखी दोघींकडे जायला हवा, आणि दोघींनी वेगळं बटण दाबायला हवं. पण तो कुणाकडे जाईल ते यंत्र ठरवतं. मी म्हटलं, वरच्या कुणाशी बोला. ते म्हणाले, "वर कोण आहे ते मलाही माहीत नाही. अकरा वर्षं झाली. मला निरोप येतात, माणूस आलेला नाही."

मग तक्रारीचा अर्ज भरला. लगेच उत्तर आलं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' तासाने पुन्हा भरला, पुन्हा तेच मोल. पालिकेला फोन केला तर तिथेही रेकॉर्ड केलेली बाई बोलली. एक दाबा, दोन दाबा. दिवसभर बटणं दाबून आलेली मी, तिथेही दाबत बसले. शेवटी एक खरा माणूस भेटला. तो म्हणाला, गल्लीवरून हवाई वाट मंजूर झाली आहे, वाटेच्या आड येणारी झाडं काढायचा ठेका कंपनीकडे आहे, आम्ही फक्त शिक्का मारतो. मी विचारलं, आमच्याच गल्लीवरून का? म्हणाला, जिथे जास्त सामान उतरतं तिथून वाट जाते.

शेजारच्या खुर्चीवर एक मावशी बसतात. सगळ्यांच्या मावशी, वयाने साठीच्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, गल्लीची काहीतरी ओळख सांग. फोटो आला तर आम्ही 'मोकळं' दाबू." मी सांगितलं, गच्चीवर ठिकरीचे आठ पांढरे चौकोन आहेत, बाबांनी ऑइलपेंटने काढलेले, शेवटचा अर्धवट. वरून अगदी स्वच्छ दिसतात, पाच आणि सहा तेवढे तुतीच्या सावलीत जातात. आता चाळीसच्या चाळीस बायका आठ चौकोन शोधत आहेत. काल एकीने हर्षाने हाक मारली, तर ते कुठल्याशा शाळेचं मैदान निघालं.

हसलीस का? मला हसवायचं होतं.

धाकटी

१८ एप्रिल

ताई,

या वेळचा पुठ्ठा तळहाताएवढा, आणि त्यावर एक ओळ. "गच्चीवरचे चौकोन वरून दिसतात, हे तुला कुणी सांगितलं?"

लहानपणी पेरूची बी दातात अडकली म्हणून तू मला पकडलं होतंस. तेव्हाही तू ओरडली नव्हतीस. नुसतं दात दाखव म्हणाली होतीस.

मला कुणी सांगितलं नाही. मी बघितलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या शिफ्टला. स्क्रीनवर हिरवं, त्याच्या कडेला पांढरे चौकोन. आधी मला काही ओळखू आलं नाही. आपण आयुष्यभर त्या झाडाच्या खाली उभ्या होतो, ते वरून कसं दिसतं हे आपल्याला कुठे माहीत होतं? वरून ती तुती नव्हतीच. सांडलेल्या रंगासारखी दिसत होती. मग चौकोन मोजले. पाचवा-सहावा सावलीत, आठवा अर्धवट, कारण रंग संपला होता आणि बाबा म्हणाले होते, पोचताना एक पाय अर्ध्यावर ठेवायला काय हरकत आहे. मोजण्यात दोन सेकंद गेले. तिसऱ्या सेकंदाला फांद्यांत काड्यांचे तीन पुंजके दिसले.

ताई, मला ते झाड वाचवायचं होतं. हे तू मान किंवा मानू नकोस. 'झाड' दाबलं असतं तर अडथळा म्हणून तोडतील अशी मला भीती वाटली. म्हणून मी 'घरटं' दाबलं. वाटलं, घरटं म्हटल्यावर कोण हात लावेल? यंत्राला तेवढी अक्कल दिलेली असेल. ते थोडं वळून जाईल.

हॉलमध्ये मला घरटेवाली म्हणतात. पानांआडची काडी मला दिसते, दुसऱ्यांना दिसत नाही. दोन वर्षं मी एकही घरटं सोडलं नाही. बाकीच्या जणी 'झाड' दाबून मोकळ्या व्हायच्या, मी चौथ्या सेकंदापर्यंत शोधत राहायचे. दिवसाला एक तरी सापडायचं. सापडलं की हातून काही चांगलं घडलंय असं वाटून घरी जायचे, भाजी चिरताना गुणगुणायचे. तुझ्याशी चार वर्षं न बोलता मी ज्या एका गोष्टीवर स्वतःला बरी बाई समजत होते, ती ही.

तुझा पहिला पुठ्ठा आला त्याच दिवशी मी मावशींना विचारलं, घरट्याची खूण पुढे कुठे जाते हो? त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला गाठलं. तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "घरटं म्हणजे पक्षी, पक्षी म्हणजे पंख्यात अडकणार. नुसतं झाड असलं तर यंत्र वरून जातं, त्याला तोडत नाहीत. घरटं असलेलं पहिल्या यादीत."

नुसतं झाड दाबलं असतं तर तुती उभी राहिली असती.

हे मला सहा तारखेला माहीत होतं. तरी मी तुला लिहिलं की कुणी खूण केली ते कळायला मार्ग नाही. त्या पत्रात एवढी एकच ओळ खोटी होती, असंही नाही; 'आम्ही विचारलेलं नाही' हेही खोटं. आणि माझा दोष खुणेपुरता नाही. पालिकेचा माणूस म्हणाला, जिथे सामान उतरतं तिथून वाट जाते. बाबा अंथरुणावर होते त्या सात महिन्यांत मी आपल्या दारात किती खोकी उतरवली? हवेची उशी, सूपची पाकिटं, पायमोजे, थर्मामीटर, मग दुसरा थर्मामीटर. मलमाची बोटभर नळी आणि खोकं असं की त्यात मांजर पिल्लं घालेल. सामान पोचलं असा फोनवर निरोप आला की मला वाटायचं, मीच जाऊन आले. रजा मागायला मी घाबरत होते, आणि बाबांचे पाय बारीक झालेले बघायलाही. बाबा गेल्यावर दारात उभी राहून तू एवढंच म्हणालीस, "खोकी आली, तू नाही आलीस." तेव्हा मला ते फार लागलं होतं. आता वाटतं, तू कमीच बोललीस. त्या खोक्यांनीच गल्लीवरची वाट पाडली.

बाकीच्या झाडांचं काय झालं असेल, ते मोजायला मी सुरुवात केली होती. दिवसाला एक धरलं तरी. मग सोडून दिलं.

आता घरटं दिसलं की मी 'झाड' दाबते. मावशीही तेच करतात. हळूहळू सगळ्या करायला लागल्या आहेत. पण यंत्र आमच्याकडूनच शिकतं म्हणे, आणि दोन वर्षं मीच त्याला घरटी शोधायला शिकवलंय. आता बरीचशी ते आम्हाला न विचारताच ओळखतं.

पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

धाकटी

२३ एप्रिल, दुपार

ताई,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही.

सकाळी चहाच्या वेळी सुपरवायझर माझ्या टेबलापाशी थांबले. हातात गरम पाण्याचा पेला. माझ्या माउसखाली कागदाची घडी सरकवून गेले. आत लिहिलं होतं, 'तुमची गल्ली उद्या सकाळी. करवतवाले शेजारच्या पेठेत आहेत, एका फेरीत उरकणार.' त्यांनी यादीत रोज बघितलं असणार. क्रमांकही शोधून काढला असणार. मी मान वर केली तेव्हा ते दुसऱ्या टोकाला कुणाला तरी लांब सुट्टी घेतल्याबद्दल बोलत होते.

तुला फोन लावला. तू माझा नंबर बंद केलायस हे माहीत असून सात वेळा लावला. मावशींच्या फोनवरून लावला, तो तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर तू कधीच उचलत नाहीस. शिंपीणकाकूंचा नंबर माझ्याकडे नाही. बस रात्रीची एकच, तिने पोचायला उद्याचे दहा वाजले असते, आणि करवतीला एक तास पुरतो.

तुझ्यापर्यंत दोन तासांत पोचेल अशी एकच गोष्ट होती. ती कुठली, हे तुला एव्हाना कळलं आहे.

मी सामान मागवायचं पान उघडलं, पण बटण दाबलं नाही. मावशी म्हणाल्या, "पाठव गं. इतकी उडतात, त्यात एक." म्हटलं, मावशी, तो त्या झाडावरूनच जाणार. पिल्लांच्या डोक्यावरून. त्या म्हणाल्या, "मग काय कबुतराच्या पायाला बांधतेस?"

मागवायला काहीतरी वस्तू हवी, नुसती चिठ्ठी जात नाही. सगळ्यात हलकी म्हणून बांधणीच्या सुया मागवल्या, तुझ्या त्या वाकड्या टोकाच्या. सुयांच्या एका पाकिटासाठी केवढं यंत्र उडालं असेल. भेटीच्या निरोपाला साठ अक्षरांची जागा होती. त्यात 'ताई' सुद्धा लिहिलं नाही. 'उद्या सकाळीच येणार. पिल्लं काढ. शिडी काकूंकडे.' एवढंच.

शिडी अजून काकूंकडे असेल ना? बाबांनी दिली होती ती त्यांनी परत केली नसेल, एवढ्याच भरवशावर लिहिलंय.

दोन वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. सामान पोचलं.

खोकं तू उघडलंस का, ते कळत नाही. माझ्याकडून आलेलं खोकं तू का उघडावंस?

धाकटी

२ मे

ताई,

तुझा पुठ्ठा आज मिळाला. पण त्याच्या आधीचं सांगते, कारण ते तातडीचं आहे.

परवा आपली गल्ली माझ्या स्क्रीनवर आली. इतके दिवस चाळीस जणी शोधत होतो तेव्हा आली नाही, आणि परवा, कामाचं काही उरलं नाही तेव्हा, माझ्याकडेच आली. भिंतीबाहेर एक गोल पांढरा ठिपका होता, नाण्याएवढा. आठही चौकोन उन्हात लख्ख. पाचवा आणि सहावा मी पहिल्यांदाच वरून पूर्ण बघितले, आणि मला ते बघायचे नव्हते. चौकोनांत खोकी मांडलेली. कठड्यावर दोन राखाडी पक्षी. मध्ये तू. एका हाताने डोळ्यांवर सावली धरलेली, दुसऱ्या हातात काठीला बांधलेलं फडकं. तू सरळ वर बघत होतीस. माझ्याकडे, असं वाटलं. भुंग्याकडे बघत होतीस, कळतंय मला.

केस पांढरे झालेत तुझे.

खाली सहा बटणं. 'घरटं' दाबलं तर गच्चीवर कुणी येईल. 'मोकळं' दाबलं तर भुंगे आणखी खालून जातील, पक्षी घाबरतील. 'माणूस' दाबलं तर दुसरा फेरा मारून पुन्हा बघतील. मी प्रत्येकावर बोट नेलं. त्या बटणांत असं एकही नव्हतं की जे दाबल्याने तुला काही झालं नसतं. चार सेकंद संपले आणि फोटो दुसऱ्या कुणाकडे गेला. हॉलभर विचारलं, कुणाकडे आला नाही. दुसऱ्या शहरातही असे हॉल आहेत म्हणतात.

म्हणून सांगते, गच्चीवर ताडपत्री बांध. हिरवी नको, हिरव्याला झाड समजतात. मळकी, सिमेंटच्या रंगाची. कडा खाली ओढून घे. वरून काही दिसायला नको. काठीने भुंगे हाकलू नकोस, हलणारी वस्तू ते लगेच टिपतात. आठव्या चौकोनाची बाजू उघडी ठेव, पक्ष्यांना तिकडून आत शिरता येईल.

आता तुझा पुठ्ठा. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. इतकं तू मला कॉलेजात असतानाही कधी लिहिलं नव्हतंस.

"सुया मिळाल्या. चिठ्ठीही. खोकं उघडणार नव्हते, पण सुईचा आवाज ओळखीचा वाटला. शिडी काकूंनी स्वतः धरली, वर आणि म्हणाल्या, डाग गेले पण सावलीही गेली. सात होती. एक काढताना पडलं. सहा खाली आणली. तुझ्या खोक्यात तीन मावली, म्हणजे कधी नव्हे ते भरून वाहिलं. आईबाप गच्चीवर येतात, पण भुंगा गेला की उडतात, तासभर फिरकत नाहीत. आज चार आहेत. बारीक मासे लागतात, दिवसाला मूठभर. नाक्यावरचा मासेवाला गेल्या वर्षीच बंद झाला, आता सगळे घरपोच मागवतात. मागवले तर भुंगाच घेऊन येणार. तू आण."

शेवटचे दोन शब्द मी मावशींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग बसलीयेस काय?"

रजा मागितली नाही. नुसतं सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, परत याल तेव्हा ही खुर्ची असेल असं सांगू शकत नाही. खुर्ची असणारच आहे ताई, तिच्यात दुसरी कुणी असेल. तिची नजर माझ्याइतकी चांगली नसावी, अशी मी देवाकडे प्रार्थना करते. अशी प्रार्थना याआधी कुणी केली नसेल.

पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, झाडावरून काढलेली पिल्लं सहसा जगत नाहीत. मी त्यांना 'सहसा' म्हणजे किती ते विचारलं नाही.

शनिवारी सकाळी बसने पोचते. इथे बाजाराच्या मागच्या तळ्यावर एक बाई जाळं टाकते, तिच्याकडून जिवंत मासे घेणार आहे. झाकणाची बादली विकत आणली आहे. अकरा तासांचा प्रवास आहे, बादली मांडीवर धरून बसेन, वाटेत दोनदा पाणी बदलीन.

मी चौघांच्या हिशोबाने आणते. तोवर कमी झाली तर कळवू नकोस. आल्यावर बघेन.

धाकटी